भाग दोनचं गाऱ्हाणं

थांबा, लगेच खाली ठेवू नका. मी 'बगळा आणि बेडूक' या चित्रपुस्तकाचा दुसरा भाग बोलतोय. हो, दुसराच. पहिला भाग या वाचनालयात सहसा सापडायचा नाही, तो सदा कुणाच्या तरी घरी असतो. मी मात्र कायम जागेवर. एखादा हात येतो, मला ओढून काढतो, मुखपृष्ठ बघून चेहरा खुलतो, मग दोनचा आकडा दिसतो आणि चेहरा पडतो. "हा नको. पहिला हवा होता." सहा वर्षं मी हेच वाक्य ऐकत आलोय. तुम्हीच सांगा, स्वभाव किरकिरा होणार नाही तर काय होईल?

अर्थात, दुसरा असण्याचं दुःख मी गिळलं असतं. माझं खरं गाऱ्हाणं वेगळंच आहे. मी जन्मलो तोच शेवटाशिवाय. लोकांच्या तोंडाला पानं पुसतात असं म्हणतात, माझी तर अक्षरशः आठ पानं पुसली गेली, आणि तीही नेमकी शेवटची.

आता मुळापासून सांगतो.

पहिल्या भागात एक बगळा एका बेडकाला चोचीत धरतो. गिळणार, इतक्यात बेडकाला उचकी लागते. दर उचकीला बगळ्याला चोचीत गुदगुल्या होतात. शेवटी त्याला हसू आवरत नाही, चोच उघडते आणि बेडूक खाली पडतो. पण पळून जाण्याऐवजी तो म्हणतो, "अजून एकदा करू या?" झाली दोस्ती. तळ्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही, पण ती होते. मुलांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं आणि प्रकाशकांनी चित्रकार बाईंच्या मागे लकडा लावला, "दुसरा भाग द्या. लवकर द्या."

बाई दोन खोल्यांत राहायच्या. एका खोलीत त्या, दुसऱ्या खोलीत कागद. त्या वैतागल्या होत्या. "मैत्री झाली ना दोघांची? आता आणखी काय होणार?" असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी वर्ष काढलं. मग एक दिवस त्यांना सुचलं. थंडी पडते. बेडूक म्हणतो, "मी जरा पडतो," आणि काठच्या चिखलात शिरून झोपतो. बगळ्याला काय ठाऊक, बेडकाचं 'जरा' केवढं असतं ते! तो तिथंच एका पायावर उभा राहतो. येणारेजाणारे टोमणे मारतात. "बघा, बकध्यान लावून बसलाय. बेडूक वर आला की गट्ट करणार." तो कुणालाच उत्तर देत नाही. पानं गळतात, धुकं येतं, तळ्याचं पाणी राखाडी होतं. तो उभाच.

प्रकाशकांनी चित्रं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बाई, ओळीनं आठ पानं हा नुसता उभा आहे. काही घडतच नाही यात."

"थांबतोय ना तो. तेच घडतंय."

"मुलं कंटाळतील."

"कंटाळू देत. बगळासुद्धा कंटाळलाय."

ही बोलाचाली मला कशी ठाऊक? ती चित्रांच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेली होती. बाई रागावल्या की लिहून ठेवायच्या.

मग मी छापखान्यात गेलो आणि तिथून बाइंडिंगच्या कारखान्यात. लांबलचक खोली, खळीचा आंबूस वास, जमिनीवर कागदाच्या कात्रणांचा थर. माझी पानं सुटी नव्हती. मोठ्या कागदावर आठ पानं छापायची, त्याला दोन घड्या घातल्या की आठ पानांची एक जुडी होते. तिला तिथं फर्मा म्हणतात. माझे फर्मे चार. टेबलावर चार गठ्ठे ओळीनं लावलेले. कामगार बाईनं टेबलाच्या कडेनं चालत जायचं आणि प्रत्येक गठ्ठ्यावरचा एकेक फर्मा उचलायचा. एक, दोन, तीन, चार, की झालं पुस्तक. मग शिलाई.

आमचे सगळे फर्मे एकाच बाईनं लावले. घड्यासुद्धा तिनंच घातल्या होत्या. हात असे चालायचे की बघत राहावं. पण माझी पाळी आली त्या दिवशी टेबलाखाली एका खोक्यात तिची दोन वर्षांची मुलगी होती. मुलीला ताप होता. सांभाळणारी शेजारीण गावाला गेली होती आणि रजा मागितली तर फोरमन म्हणाला होता, "उद्या घे. आज माल जायचाय." म्हणून पोरीला कात्रणांच्या मऊ ढिगावर निजवून बाई काम करत होती.

तिनं माझा पहिला फर्मा उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. खालून "आई" अशी बारीक हाक आली. ती वाकली, पोरीच्या कपाळाला हात लावला, तिच्या मुठीत कागदाची एक लांब पट्टी दिली आणि उठली. हात समोर होता तोच फर्मा घेऊन पुढे गेला. पुन्हा तिसरा. मोजायला चार भरले. कुणाला शंका येणार?

असा मी शिवला गेलो. सोळा पानं गोष्ट, मग आठ पानं थांबणं, मग पुन्हा तीच आठ पानं, तेच थांबणं. आणि मग पुठ्ठा.

दुकानात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दुकानात मला कुणी शेवटपर्यंत उघडलंच नाही. तिथून मी इतर पुस्तकांबरोबर या वाचनालयात आलो. ग्रंथपाल बाईंनी शिक्का मारला, कागदी खिसा चिकटवला आणि खालच्या कप्प्यात ठेवलं.

पहिल्यांदा घरी नेलेल्या मुलानं दुसऱ्या दिवशी मला बाईंच्या टेबलावर जवळजवळ आपटलंच. "याला शेवटच नाही!" बाईंनी पानं चाळली, जीभ चावली आणि माझ्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, 'अपूर्ण प्रत'. बदलून आणायचं त्यांच्या मनात होतं, पण कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं.

नंतर मुलांनी माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर मतं मांडायला सुरुवात केली. एकानं लिहिलं, 'पुढे काय????' दुसऱ्यानं खाली लिहिलं, 'बेडूक मेला.' तिसऱ्यानं ते खोडून लिहिलं, 'नाही. बगळ्याने खाल्ला.' चौथ्यानं फक्त एक विमान काढलं. त्या विमानाचा माझ्याशी काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

अपूर्ण असणं म्हणजे काय, ते सांगून कळायचं नाही. माझ्या पोटात एक बगळा उभा होता आणि त्याला मी सांगू शकत नव्हतो की तुझा मित्र उठतो की नाही. मलाच माहीत नव्हतं. तो चौथा फर्मा माझ्या अंगाला कधी लागलाच नव्हता.

त्या काळात भिंगरी वाचनालयात यायला लागली. हे तिचं घरचं नाव, एका जागी बसवत नसे म्हणून पडलेलं. वय आठ. शाळा साडेतीनला सुटायची, आई कामावरून सहाला यायची. मधला वेळ घरी एकटं बसण्यापेक्षा बरं म्हणून ग्रंथपाल बाईंनी तिला खिडकीजवळची खुर्ची देऊन टाकली होती. एका जागी न बसणारी ही मुलगी त्या खुर्चीवर मात्र बसायची, कारण तिथून रस्त्याचं वळण दिसायचं. एक डोळा पुस्तकात, एक वळणावर. आई म्हणायची, "साडेपाचला येते." यायची सहाला. कधी सव्वासहाला.

खालचा कप्पा तिनं दोन महिन्यांत फस्त केला. मी उरलो. दुसरं काहीच नाही म्हणून तिनं मला उचललं. आनंद व्हावा असं त्यात काय होतं? पण खरं सांगतो, मला झाला.

तिनं पहिली पानं भराभर उलटली, थांबण्याच्या पानांवर मात्र ती रेंगाळली. प्रत्येक चित्रात बगळ्याचा पाय बोटानं मोजला. एक. एक. एक. मग पुन्हा तीच चित्रं आली. ती मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली, आणि उठून टेबलाशी गेली.

"बाई, हे पुस्तक अडकलंय."

"अडकलंय म्हणजे?"

"पुढे जातच नाहीये."

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, ते खराबच आहे. या महिन्यात रद्दीत काढायचंय. दुसरं घे."

रद्दीत! मला हे पहिल्यांदाच कळत होतं. भिंगरीनं मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "मी घरी नेते. आई बाइंडिंगमध्ये आहे. तिला विचारते."

आता तुम्हाला कळलं असेल मी कुणाच्या घरी निघालो होतो. मला मात्र तेव्हा कळलं नव्हतं. सहा वर्षांत हातच काय तो ओळखीचा राहतो.

घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. आई येताच भिंगरीनं मला तिच्यापुढे धरलं. आईनं आधी नखांत सुकलेली खळ धुतली, हात पुसले, आणि मग मला घेतलं. तिनं चित्रं पाहिलीच नाहीत. पाठ वाकवली, दोन पानांच्या मध्ये डोकावून दोरा पाहिला, जुड्या अंगठ्यानं मोजल्या. त्या अंगठ्याचा दाब मी लगेच ओळखला. आणि तिनंही ओळखलं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"हे आमच्याकडचं आहे."

"कशावरून?"

"शिलाई आमची आहे. आणि तिसरा फर्मा दोनदा लागलाय. चौथा नाहीच." मग शिलाईवरून बोट फिरवत म्हणाली, "याचे फर्मे मी लावले होते. सगळेच्या सगळे."

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे तू चुकलीस?"

"हो गं."

"म्हणजे तुझ्यामुळे तो दोनदा थांबतोय."

आईनं मला मिटून मांडीवर ठेवलं.

"तू नेहमी असंच करतेस," भिंगरीचा आवाज चढला. "साडेपाच म्हणतेस आणि सहा वाजवतेस. रोज. सगळ्यांच्या आया आल्या तरी तू येत नाहीस. आणि त्या बगळ्याला तर तू... तू कायमचंच..." पुढचं तिला रडू आल्यामुळे बोलता आलं नाही.

माझा जीव तुटत होता. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, ती चुकली तेव्हा तू टेबलाखाली होतीस! तुझ्या कपाळावर हात ठेवायला ती वाकली होती! पण पुस्तकाला छापलेलं तेवढंच बोलता येतं. आणि जिला बोलता येत होतं ती बाई गप्प राहिली. त्या खोक्याचा, त्या तापाचा तिनं शब्दही काढला नाही. एवढंच म्हणाली, "चुकले. बघते काय करता येतं."

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात फोरमनला विचारलं. संध्याकाळी तिनं ते घरी सांगितलं तेव्हा भिंगरी पाठ करून बसली होती, पण ऐकत होती.

"म्हणाला, सहा वर्षांपूर्वीचे फर्मे? ते केव्हाच लगद्यात गेले."

मग तिनं मधल्या सुट्टीत प्रकाशकांकडे फोन केला. तिकडच्या माणसानं फार आदरानं सांगितलं, "दुसरा भाग आम्ही आता छापत नाही. पहिला आहे. पाठवू?"

घ्या! माझ्याच शेवटाची चौकशी, आणि तिथंही पहिलाच पुढे.

दोन दिवस असेच गेले. भिंगरी डबा न्यायची, आणायची, खिडकीशी बसायची. मी पलंगाखाली. तिसऱ्या दिवशी आईची सुट्टी होती. सकाळचं आवरून झाल्यावर ती म्हणाली, "भिंगरे, मला शेवट माहितेय."

भिंगरीनं मान वळवली. "तू वाचलायस?"

"वाचला नाही. वाचायला वेळ कुणाला होता? पण घड्या मी घातल्यात. तीन हजार. तेवढ्या वेळा तो कागद माझ्या डोळ्यांखालून गेलाय."

"मग सांग ना."

"असा तोंडानं नाही सांगता येत. मोठा कागद आण. आणि खडू."

भिंगरीनं कॅलेंडरचं जुनं मोठं पान आणलं. ते कोऱ्या बाजूनं फरशीवर पसरून आईनं मधोमध दोन रेघा मारल्या, एक उभी, एक आडवी. चार घरं झाली. "चार पानं या अंगाला, चार मागच्या अंगाला. वरची दोन उलटी छापलेली असतात, डोकं खाली पाय वर. घडी घातली की सरळ होतात."

मग ती डोळे मिटून गुडघ्यांवर बसली आणि हातांनी हवेतच घडी घालायला लागली. दरवेळी मध्येच हात थांबवायची आणि बोट ठेवून सांगायची. "इथे नुसतं धुकं. खाली बगळ्याचा पाय, मोठ्ठा. इथे दुसरे बगळे उडून चाललेत, चार की पाच. इथे हा मान पंखात घालून झोपलाय, पण एक डोळा उघडा." भिंगरी खडूनं काढत होती. राग होता, पण हात चालत होता.

"आणि इथे?"

"इथे माहीत नाही."

"का?"

"कागद धरायला इथं माझा अंगठा यायचा. ते चित्र मला कधी दिसलंच नाही."

मागची बाजू होत आली. उरली शेवटाजवळची दोन घरं, एकावर एक. आई बराच वेळ हात हवेत धरून बसली. "इथे बगळा आहे. मान वाकवून खाली काहीतरी बघतोय. एकटाच."

"आणि बेडूक?"

"बेडूक नाही."

"दुसऱ्या पानावर असेल."

"नाही गं. बेडूक कुठेच नव्हता. असता तर आठवला असता मला."

भिंगरीनं खडू खाली टाकला. "म्हणजे तो उठतच नाही! तो उगाचच थांबला!"

मी पलंगाखाली सुन्न पडलो होतो. एवढी वर्षं ज्या उत्तरासाठी तळमळलो ते हे? पुठ्ठ्यावरची मुलंच बरोबर होती म्हणायची. त्यापेक्षा रद्दीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

"अगं, रडू नकोस," आई म्हणाली. तिचाही आवाज धड नव्हता. "मला जेवढं आठवतं तेवढं सांगितलं. या वरच्या उलट्या घरात हिरवं काहीतरी होतं खरं. झाडाचं पान होतं बहुतेक."

"कसलं पान?" भिंगरीनं नाक पुसत विचारलं.

"रुंद. खालच्या बाजूला त्याला दोन गाठी होत्या. पडलेलं पान असेल."

भिंगरीनं तेही काढलं. बगळ्याच्या बरोबर डोक्यावरच्या घरात, रुंद, हिरवं, खाली दोन गाठींचं. कामात उणं ठेवणारी ती मुलगी नव्हे. मग ती म्हणाली, "झालं. संपलं पुस्तक," आणि उठायला लागली.

आईनं कागद उचलला. आवरून ठेवावा एवढंच तिच्या मनात असेल, पण हातांना सवय होती. वरचा भाग खाली आला, घडी दाबली गेली. कडेवर कड आली, दुसरी घडी दाबली गेली. स्वयंपाकाच्या सुरीनं तिनं वरची दुमड कापली. फर्मा झाला. आणि मग तिनं अशी गोष्ट केली जी कारखान्यात तिनं कधीच केली नव्हती. घडी घालणाऱ्यानं पुस्तक उघडून बघायचं नसतं, पुढचा कागद ओढायचा असतो. तिनं तो फर्मा उघडला.

डाव्या पानावर बगळा होता, मान वाकवून उजवीकडे बघत. आणि उजव्या पानावर, त्याच्या अगदी समोर, ते हिरवं होतं. आता ते सरळ झालं होतं. खालच्या दोन गाठी वर आल्या होत्या.

"आई," भिंगरी म्हणाली, "हे डोळे आहेत."

आईनं तोंडावर हात ठेवला.

"हे पान नाहीये! आई, हा बेडूक आहे! उठला! तो उठला!" ती उड्या मारायला लागली. शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली तरी थांबेना. आई हसत होती, मध्येच डोळे पुसत होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, "तीन हजार वेळा गं. तीन हजार वेळा मी त्यांना समोरासमोर आणलं आणि मला पत्ताच नाही."

उड्या मारून दमल्यावर भिंगरी तिच्या मांडीवर येऊन बसली. आठ वर्षांची घोडी, पण बसली. "पण तू चुकलीस कशी गं? तू तर कध्धीच चुकत नाहीस."

मला वाटलं, आता तरी सांगेल. सांग बाई, सांग!

"चुकला हात," आई म्हणाली आणि तिची वेणी सारखी करायला लागली. यावर मी आणखी काय बोलू?

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन वाचनालयात आल्या. आईनं ग्रंथपाल बाईंना विचारलं, पुस्तक उसवून नीट शिवू का? बाई म्हणाल्या, "नियमात बसत नाही. शिक्क्याचं पुस्तक असं उसवता येत नाही." मग त्यांनी कॅलेंडरचा तो फर्मा उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "मी आता आतल्या खोलीत जातेय. तुम्ही काय नेलंत ते मी पाहिलेलं नाही. मात्र पंधरा दिवसांत परत हवं."

आईनं कारखान्यात मधल्या सुट्टीत माझा दोरा कापला. दुखलं, खोटं कशाला बोलू. जास्तीचा तिसरा फर्मा निघाला आणि मला सहा वर्षांनी पहिल्यांदा हलकं वाटलं. मग जाड कोऱ्या कागदाचा नवा फर्मा घरी गेला आणि त्यावर भिंगरीनं चित्रं काढली, आईला विचारून विचारून. मजकूर कुणालाच माहीत नव्हता, कारण आईनं तो कधी वाचलाच नव्हता. तोही भिंगरीनंच लिहिला. समोरासमोरच्या पानांवर बगळा विचारतो, "उठलास?" आणि बेडूक म्हणतो, "नाही." एवढंच. अंगठ्याखालचं पान तिनं कोरं ठेवलं आणि त्यावर शाईत बुडवून आईचा अंगठा उमटवला. मग सगळं शिवून, नव्या पुठ्ठ्यात चिकटवून मी परत आलो. विमानाचं चित्र जुन्या पुठ्ठ्याबरोबर गेलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता मी सुखी झालो असं वाटत असेल तर थांबा. मुलं मला वाचतात, चोविसाव्या पानापर्यंत गोडीनं येतात आणि मग विचारतात, "इथून पुढे चित्रं एवढी वाईट का आहेत?" दुसरं विचारतं, "मध्येच अंगठा का?" एकानं तर माझ्या नव्या बेडकाला बटाटा म्हटलं. ऐकून घ्यावं लागतं.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र गेल्या आठवड्यातली. बाबांचं बोट धरून एक चिमुरडी आली होती. तिनं मला उघडलं, शेवटच्या पानांशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, हे असं नाहीये! आपल्या घरच्या पुस्तकात वेगळंच आहे!"

घरच्या पुस्तकात! म्हणजे धड प्रत! चारही फर्म्यांची! माझं पान न पान ताठ झालं.

"आपल्या पुस्तकात ना, बेडूक उठतो आणि बगळ्याला म्हणतो..."

"श्शू!" ग्रंथपाल बाई टेबलावरून म्हणाल्या. "इथे मोठ्यानं बोलायचं नाही."

आणि बाबा तिला ओढत बाहेर घेऊन गेले. काय म्हणतो? बेडूक काय म्हणतो? ती दाराबाहेर जाईपर्यंत बोलत होती, पण मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून मला चैन नाही.

म्हणून हे गाऱ्हाणं तुमच्यापुढे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माझी धड प्रत असेल तर कृपा करा. या, मला उघडा आणि त्या पानावर काय लिहिलंय ते माझ्या कानात सांगा. हळू सांगा, बाई ओरडतात. आणि एक करा. हल्ली सुट्टीच्या दिवशी भिंगरी आईला घेऊन येते आणि दोघी खिडकीशी बसून मला वाचतात. "नाही" हा शब्द आईनं बेडकाच्या आवाजात म्हणायचा असा नियम आहे, आणि तो म्हटला की दोघी हसत सुटतात. त्या बसलेल्या दिसल्या तर बोलू नका. त्यांना आधी घरी जाऊ द्या.